टू-डी की थ्री-डी: छोट्या ॲनिमेशनपटासाठी माध्यम कसे ठरवावे

मी सांगलीत राहते आणि गेली काही वर्षे शेतकरी गट, शाळा व मिरजेतील वाद्यकारागीर यांच्यासाठी एक-दोन मिनिटांचे ॲनिमेशनपट तयार करते. रविवारी सकाळी आठ-दहा विद्यार्थ्यांना हेच काम शिकवतेही. काम घेऊन येणारे गृहस्थ असोत वा शिकायला येणारी मुले, बोलण्याची सुरुवात बहुधा एकाच वाक्याने होते: ‘मॅडम, थ्री-डीच करूया की, टू-डी आता जुनं झालं.’ हा समज मला मनापासून खटकतो, कारण त्यापायी चांगल्या विषयांवरचे पट अर्धवट राहिलेले मी पाहिले आहेत. माध्यम नवे-जुने पाहून ठरवायचे नसते. शॉटमध्ये काय वळते, कशाचा आकार बदलतो आणि कोणती वस्तू पुन्हा पुन्हा दिसणार आहे, यांवरून ते ठरवायचे असते. आणि श्रम कोणत्या टप्प्यावर खर्च होणार हे आधी कळले, तर निम्मा निर्णय तिथेच होतो.

फरक नेमका कोणता

सांगलीकरांना हा फरक रंगभूमीच्या भाषेत सांगितला की लगेच उमगतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये येथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हापासून नाटक हा या गावाच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. रंगवलेल्या पडद्यावरचा राजवाडा मधल्या खुर्चीतून पाहिला, तर खांबांची रांग आत आत गेलेली भासते. कडेच्या खुर्चीतून पाहिला, तर तीच रांग तिरपी आणि चपटी दिसते, कारण ती खोली चित्रकाराने एका जागी बसून कल्पिलेली असते. टू-डी ॲनिमेशन त्या पडद्यासारखे आहे: प्रेक्षकाने कुठे बसायचे हे चित्रकार ठरवतो आणि तेवढ्याच जागेपुरते चित्र काढतो. थ्री-डीमध्ये मात्र खांब खरोखर उभे करावे लागतात. ते उभे करण्याचे कष्ट मोठे असतात, पण एकदा सेट उभा राहिला की कॅमेरा बाल्कनीत ठेवा, विंगेत ठेवा किंवा थेट सिंहासनामागे ठेवा, तिथून दिसणारे दृश्य संगणक स्वतः काढून देतो. दिव्यांचेही तसेच आहे. टू-डीत सावली रंगवावी लागते, तर थ्री-डीत दिवा लावावा लागतो आणि सावली आपोआप पडते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चष्मा लावून पाहायचा थ्री-डी चित्रपट आणि थ्री-डी ॲनिमेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चष्म्याच्या चित्रपटात दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रे दाखवलेली असतात. थ्री-डी ॲनिमेशनमध्ये वस्तूच्या प्रत्येक बिंदूला लांबी, रुंदी आणि खोली असे तीन आकडे दिलेले असतात, आणि अखेरीस पडद्यावर दिसणारे चित्र सपाटच असते. काम घेण्यापूर्वी समोरच्या व्यक्तीच्या मनात यांपैकी काय आहे, हे विचारून घ्यावे.

खोलीची ओढ संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये आगकाड्या एकेक फ्रेमगणिक, म्हणजे पटातल्या एकेका स्थिर चित्रागणिक, थोड्या थोड्या सरकवून त्यांना पडद्यावर हलते केले होते, आणि प्रत्यक्ष वस्तूंचे ते ॲनिमेशन अर्थातच तिन्ही मितींतले होते. डिस्नेच्या स्टुडिओने १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’साठी काचांच्या थरांवर वेगवेगळ्या अंतरांवर चित्रे मांडून वरून कॅमेरा चालवला, तो सपाट चित्रांना खोली देण्यासाठीच. पूर्णपणे संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट, ‘टॉय स्टोरी’, त्यानंतर ५८ वर्षांनी, म्हणजे १९९५ मध्ये आला. त्यामुळे एक माध्यम संपून दुसरे सुरू झाले, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

श्रम कुठे खर्च होतात

चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात. आपल्याकडच्या दूरचित्रवाणीसाठी २५ धरतात. टू-डीत प्रत्येक फ्रेमसाठी नवे चित्र काढलेच पाहिजे असे नाही. एक चित्र दोन फ्रेम टिकवले, तर सेकंदाला १२ चित्रांत काम भागते आणि डोळ्याला ते सहज वाटते. याला आम्ही ‘दोनवर काढणे’ म्हणतो. फार वेगाची हालचाल असेल, तिथेच एकेक फ्रेमवर यावे लागते. या पद्धतीत आधी मुख्य स्थितींची की-ड्रॉइंग, मग मधली इनबिटवीन चित्रे, मग रेषा साफ करण्याचे क्लीनअप आणि शेवटी रंग असा क्रम असतो, आणि पटाचा प्रत्येक नवा सेकंद हा सगळा क्रम पुन्हा मागतो. पहिल्या सेकंदाला जितके कष्ट, जवळजवळ तितकेच साठाव्या सेकंदालाही पडतात.

थ्री-डीत हिशेब उलटा आहे. तिथे एकही फ्रेम हलण्याआधी मॉडेल घडवावे लागते, त्याचा पृष्ठभाग उलगडून त्यावर टेक्श्चर, म्हणजे रंग-नक्षीचे चित्र, चढवावे लागते, आत हाडांचा सांगाडा बसवावा लागतो, म्हणजेच रिगिंग करावे लागते, आणि कोणत्या हाडाबरोबर कातडीचा कोणता भाग किती ओढला जाईल हे वेट पेंटिंगने ठरवावे लागते. चार आठवडे काम करूनही दाखवण्यासारखे काहीच हाती नाही, अशी स्थिती येते आणि नवशिके तिथेच धीर सोडतात. मात्र हे भांडवल एकदा घातले, की पुढचे सेकंद स्वस्त पडतात.

आकड्यांत मांडून पाहू. समजा, तुमच्या हाताला एक चित्र कच्चे काढून, साफ करून, रंगवायला १२ मिनिटे लागतात. दोनवर काढायचे तर एका सेकंदाला १२ चित्रे, म्हणजे १४४ मिनिटे किंवा २.४ तास. तीच गोष्ट थ्री-डीत करताना मॉडेल आणि रिग यांना ६० तास, प्रकाशयोजनेला २० तास आणि त्यानंतर ॲनिमेशनच्या दर सेकंदाला १ तास लागतो असे धरा. २० सेकंदांच्या पटाला टू-डीत ४८ तास लागतील आणि थ्री-डीत १००. ९० सेकंदांच्या पटाला मात्र टू-डीत २१६ तास लागतील आणि थ्री-डीत १७०. या उदाहरणात सुमारे ५७ सेकंदांपाशी दोन्ही बाजू समान होतात. तुमचे आकडे वेगळे निघतील आणि ते वेगळे निघायलाच हवेत. पण हा हिशेब वहीत मांडल्याशिवाय मी स्वतः आता कोणतेही काम हाती घेत नाही. पात्रे वाढली की थ्री-डीचे भांडवल प्रत्येक पात्रागणिक पुन्हा घालावे लागते, हेही त्यात धरावे. सहा माणसे केवळ एकेका शॉटपुरती येऊन जाणार असतील, तर ती काढून मोकळे व्हावे, घडवत बसू नये.

शॉट समोर ठेवून विचार करावा

हिशेबाने दिशा कळते. निर्णय मात्र स्टोरीबोर्डवरचा, म्हणजे पटाच्या क्रमवार कच्च्या चित्रांवरचा, एकेक शॉट पाहूनच होतो. पहिला प्रश्न असा, की वस्तू कॅमेऱ्यासमोर वळते का.

मिरजेच्या सतारीवर मी जो पट केला, त्यात सतार संथपणे अर्धी फिरते आणि मग कॅमेरा दांडीवरून खुंट्यांपर्यंत जातो, असा आरंभीचा शॉट होता. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि ज्या कारागिरांनी आपली दुकाने मला मोकळी करून दिली होती, त्यांना वाद्य जसेच्या तसे दिसायला हवे होते. मी तो शॉट आधी हाताने काढून पाहिला. अर्ध्या फेऱ्यासाठी २४ चित्रे काढली. भोपळ्याची बाह्यरेषा ठीक आली, पण तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पाटीच्या, कडेवरची नक्षी चित्रागणिक किंचित सरकत राहिली, आणि फिरताना ती वाद्यावर कोरलेली न वाटता वाद्यावरून वाहत चालल्यासारखी दिसू लागली. दांडीवरच्या पडद्यांनी, म्हणजे ज्यांवर तार दाबतात त्या धातूच्या पट्ट्यांनी, तर आणखी परीक्षा पाहिली. सतारीचे पडदे धनुष्यासारखे वाकलेले असतात आणि त्यांच्यातील अंतरेही सारखी नसतात. वाद्य तिरपे झाले की प्रत्येक अंतर निराळ्या प्रमाणात आखडते. वीसेक पडद्यांचे हे आखडणे २४ चित्रांत बिनचूक सांभाळणे माझ्या हाताला जमले नाही.

थ्री-डीत हेच काम तीन दिवसांत झाले. भोपळ्याची अर्धी बाह्यरेषा काढून ती मधल्या अक्षाभोवती फिरवली की गोल आकार मिळतो. खरा भोपळा इतका नेमका गोल कधीच नसतो, म्हणून नंतर एका बाजूने तो थोडा दाबला आणि देठाकडे थोडा ओढला. एक पडदा घडवून त्याच्या प्रती दांडीवर मांडल्या आणि अंतरे खऱ्या वाद्यावर मोजून बसवली. नक्षी टेक्श्चर म्हणून चिकटवल्यावर ती जागची हलण्याचा प्रश्नच उरला नाही. ज्या वस्तूचा आकार कठीण व ठरलेला आहे, जिच्यावर बारीक नक्षी आहे आणि जी कॅमेऱ्यासमोर वळणार आहे, ती थ्री-डीत घ्यावी, हा धडा मला त्या सतारीने दिला. यंत्रे, इमारती, दागिने, भांडी, बैलगाडीचे चाक ही सर्व याच जातीतली.

दुसरा प्रश्न असा, की वस्तूचा आकार बदलतो का. येथे टू-डीची ताकद दिसते. हळदीवरच्या एका पटात नऊवारी नेसलेली आजी चुलीपुढे वाकते आणि तिचा पदर खांद्यावरून घसरतो, एवढाच एक शॉट होता. ‘सगळे थ्री-डीच हवे’ या ग्राहकाच्या हट्टाला मान देऊन मी तो थ्री-डीत करायला घेतला. कापडाच्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कापडाची हालचाल संगणकाकडून गणिताने करून घेताना, पदर म्हणजे हजारो लहान चौकोनांची जाळी असते आणि प्रत्येक फ्रेमला तिने अंगावर आपटावे, अंगात शिरू नये, अशी अट घालावी लागते. आजीने कोपर वाकवले की पदर नेमका कोपरातून आरपार जायचा. जाळी दाट केली, तर संगणक मंदावायचा. अंगाभोवतीचे अंतर वाढवले, तर पदर हवेत तरंगल्यासारखा दिसायचा. नऊवारीच्या काष्ट्याच्या निऱ्यांनी त्यात आणखी भर घातली. अकरा दिवसांनंतर मी तो शॉट कागदावर काढला: खांदा आधी झुकतो, पदर दोन फ्रेम मागे राहतो, मग घसरतो, आणि आजी तो डाव्या हाताने सावरते. पदराला फक्त तीन रेषा होत्या. संपूर्ण शॉट दीड दिवसात झाला आणि पाहणाऱ्या बायका त्याच जागी ओळखीने हसल्या, कारण सावरण्याच्या त्या लकबीत त्यांना आपल्या घरातली बाई दिसली.

कापड, केस, धूर, पाणी, चेहऱ्यावरचे टोकाचे भाव, माणसाचे झाड होणे किंवा झाडाचे माणूस होणे, या सगळ्यांत रेषेला जी मोकळीक असते ती मॉडेलला नसते. चित्रकाराला गाल हवा तेवढा फुगवता येतो. थ्री-डीत तो फुगण्याची सोय रिगमध्ये आधीच करून ठेवावी लागते. रेषेच्या मोकळिकीला किंमतही आहेच. डोके वळवताना नाक भलतीकडे जाते, उंची कमी-जास्त होते, रेषा थरथरते. म्हणून पात्र समोरून, बाजूने आणि पाठीमागून कसे दिसते याची मॉडेल-शीट आधी काढावी आणि ती कायम डोळ्यांसमोर लावून ठेवावी.

थ्री-डीकडे वळणाऱ्यांना मी एक धोका आवर्जून सांगते. तिथे दोन मुख्य स्थिती दिल्या की मधले संगणक भरतो, आणि सगळे समान गतीने, तेलातून सरकल्यासारखे भरतो. पात्राला वजनच राहत नाही. उपाय असा, की सुरुवातीला संगणकाला मधले काहीही भरू देऊ नये. एका स्थितीवरून दुसऱ्या स्थितीवर थेट उडी मारणाऱ्या स्टेप्ड पद्धतीत सर्व मुख्य स्थिती लावाव्यात, हालचालीची वेळ तशीच तपासावी आणि ती पटल्यावरच मधली हालचाल भरणाऱ्या वक्ररेषा चालू कराव्यात. चालणाऱ्या पात्राचे टेकलेले पाऊल जमिनीवर घसरत नाही ना, हे प्रत्येक पावलाला पाहावे. ज्यांनी आधी हाताने चालीची बारा चित्रे काढली आहेत, त्यांच्या थ्री-डी पात्रांना वजन असते, हे मी वर्गात वारंवार अनुभवते. म्हणून माझ्याकडे पहिले तीन महिने सर्वांना पेन्सिलच धरावी लागते.

संवाद असतील, तर ओठांचा विचार दोन्ही माध्यमांत सारखाच करावा लागतो. तयार मिळणारे मुखाकृतींचे संच बहुतेक इंग्रजी उच्चारांसाठी केलेले असतात. मराठीसाठी सात-आठ आकृती पुरतात: प, ब, भ, म यांसाठी मिटलेले ओठ, आ साठी उघडे तोंड, उ आणि ओ साठी गोल ओठ, ई आणि ए साठी ताणलेले ओठ, व साठी खालच्या ओठाला लागलेले दात, त-द-न-ल या वर्णांसाठी दातांशी दिसणारी जीभ, आणि शांत तोंड. ळ आणि ण यांच्या वेळी जीभ मागे वळते आणि समोरून दिसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी आकृती काढत बसू नये.

तिसरा प्रश्न आहे तो दाखवण्याचा आणि समजावण्याचा. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचे उदाहरण घ्या. हळद साठवण्यासाठी जमिनीत खणलेले हे पेव तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असते, आणि बंद केल्यावर आत हवा खेळत नाही म्हणून हळद टिकते. हे समजावून सांगायचे असेल, तर पेवाचा उभा छेद टू-डीत दाखवावा: वर माती, मध्ये पोकळी, आत हळदीची रास आणि तोंडावरचे झाकण. चार रंगांत आणि दोन बाणांत मुद्दा पोचतो, आणि खऱ्यासारखी माती, खऱ्यासारखा अंधार दाखवण्याच्या नादात तो हरवत नाही. पण त्याच पेवात उतरणाऱ्या माणसाला वर आकाशाचा रुपयाएवढा तुकडा कसा दिसतो, हे दाखवायचे असेल, तर थ्री-डीला पर्याय नाही. विषय एकच असूनही उत्तरे दोन येतात.

संख्या मोठी असेल, तर थ्री-डी सोयीचे. तासगावच्या द्राक्षबागेतील घडांसाठी एकच मणी घडवून त्याच्या हजार प्रती मांडता येतात आणि संगणकाच्या स्मृतीवर भार जवळजवळ एकाच मण्याचा पडतो. मात्र मण्याच्या आत शिरून बाहेर येणारा उजेड दाखवायचा झाला, तर रेंडरचा, म्हणजे संगणकाने अंतिम चित्र काढून देण्याचा, वेळ बराच वाढतो.

दोन्ही एकत्र आणायचे असेल तर

अनेकदा उत्तर ‘दोन्ही’ असे येते. सतारीच्याच पटात मींड दाखवायची होती: बोट पडद्यावर तार दाबते आणि तार आडवी ओढली जाते. वाद्य थ्री-डीत तयार होतेच, पण बोटांच्या पेरांचे वाकणे, तारेने पडलेला वळ आणि नखाची चमक थ्री-डीच्या हातात येईना, म्हणून हात टू-डीत काढायचे ठरवले. पहिल्याच पाहणीत हात तारेवर घसरू लागला. चूक चित्रात नव्हती, वेळेत होती. सतार प्रत्येक फ्रेमला हलत होती आणि हात दर दोन फ्रेमला. त्यामुळे एक फ्रेम बोट तारेवर असायचे आणि पुढच्या फ्रेमला तार पुढे निघून जायची.

यावर दोन उपाय आहेत. कॅमेरा स्थिर असेल, तर थ्री-डी वस्तूची हालचालही दोनवर आणावी. ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये हालचालीच्या वक्ररेषेवर स्टेप्ड इंटरपोलेशन लावून हे जमते. कॅमेरा फिरत असेल, तर हा उपाय चालत नाही, कारण कॅमेरा एकेक फ्रेमला सरकतो, पात्र दोनवर हलते आणि ते जागच्या जागी थरथरल्यासारखे दिसते. तेव्हा हाताची चित्रेच एकेक फ्रेमवर काढावी लागतात, म्हणजे कष्ट दुप्पट होतात. म्हणून मिश्र शॉटमध्ये शक्यतो कॅमेरा स्थिर ठेवावा. रेषांची जाडी आणि सावलीचे रंगही आधी ठरवावेत. थ्री-डी वस्तूवर व्यंगचित्रासारख्या दोन-तीन सपाट छटांची छायायोजना लावली आणि तिच्या कडांना हातच्या रेषेइतकीच जाड रेषा दिली, तर दोन्ही एका हातचे वाटतात.

एक मधला मार्गही आहे. टू-डी पात्राचे हात, पाय, डोके वेगवेगळे कापून सांध्यांवर हाडे बसवली, की ते कळसूत्री बाहुलीसारखे हलवता येते. बाजूने चालणारी पात्रे, बोलणारा निवेदक, शाळेसाठीचे धडे यांना हे कटआउट तंत्र पुरेसे आहे. पात्राला कॅमेऱ्याकडे वळायचे असले, की मात्र नवी बाहुली करावी लागते.

पाच सेकंदांची चाचणी

एवढा विचार करूनही शंका राहिली, तर स्टोरीबोर्डमधला सर्वांत अवघड शॉट निवडावा आणि त्याचे पाच सेकंद दोन्ही माध्यमांत करून पाहावेत. सोपा शॉट निवडला, तर चाचणी व्यर्थ जाते. पाच सेकंद म्हणजे १२० फ्रेम, दोनवर काढल्यास ६० चित्रे. घड्याळ लावून प्रत्येक टप्प्याचे तास लिहावेत: कच्चे काम, साफ काम, रंग, तिकडे मॉडेल, रिग, हालचाल, प्रकाश. दुरुस्तीचा वेळही वेगळा लिहावा, कारण खरा फरक बहुधा तिथेच निघतो. टू-डीत ‘आजीच्या साडीचा रंग बदला’ ही सूचना डिजिटल रंगकामात सहज पाळता येते, पण ‘कॅमेरा थोडा वर घ्या’ म्हटले की सगळी चित्रे पुन्हा काढावी लागतात. थ्री-डीत कॅमेरा वर घेणे क्षणाचे काम आहे, पण ‘आजी जरा जाड हवी’ म्हटले की रिगपासून सगळे तपासावे लागते. तुमचा ग्राहक कोणत्या प्रकारच्या सूचना करतो, हेही माध्यम ठरवण्याचे एक प्रामाणिक कारण आहे.

साधने आणि रेंडर

साधनांसाठी खर्च करण्याची घाई करू नये. ब्लेंडर हे थ्री-डीचे सॉफ्टवेअर २००२ पासून मुक्त आहे, आणि त्यातल्याच ग्रीस पेन्सिल या साधनाने टू-डी रेखाटनही करता येते. मिश्र कामासाठी मला ते सर्वांत सोयीचे वाटते. त्याच्या बळावर काय होऊ शकते, हे ‘फ्लो’ या २०२४ च्या लाटवियन पटाने दाखवले. ब्लेंडरमध्ये केलेल्या या पटाला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा ऑस्कर मिळाला. निव्वळ टू-डीसाठी क्रिटा आणि ओपनटून्झ ही मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. टू-डीला मध्यम ताकदीचा संगणक आणि दाब ओळखणारा पेन टॅब्लेट चालतो. थ्री-डीसाठी मात्र १६ जीबी रॅम आणि स्वतःची स्मृती असलेले ग्राफिक्स कार्ड नसेल, तर रोजचे काम कष्टाचे होते.

रेंडरचा वेळ माणसाच्या तासांपासून वेगळा मोजावा. एका फ्रेमला ४ मिनिटे लागत असतील, तर ३० सेकंदांच्या ७२० फ्रेमना ४८ तास लागतात, तेही संगणक अखंड चालला तर. ब्लेंडरमधले सायकल्स हे इंजिन प्रकाशकिरणांचा माग काढत चित्र करते, म्हणून ते संथ आणि खऱ्यासारखे असते. त्यातलेच दुसरे इंजिन, ईव्ही, झटपट असते आणि सपाट छटांच्या कामाला पुरते. तपासणीसाठी आधी निम्म्या आकारात, ईव्हीमध्ये सगळा पट काढून पाहावा.

येथे एक सूचना माझ्या नुकसानीतून आलेली आहे. एकदा २५ सेकंदांचा तुकडा मी थेट व्हिडिओ फाइल म्हणून रेंडरला लावून झोपले. पहाटे पावसात वीज गेली, तेव्हा ६०० पैकी ५८० च्या आसपास फ्रेम झाल्या होत्या. वीज आल्यावर पाहिले, तर फाइल उघडेना, आणि रात्रभराचे संगणकाचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. तेव्हापासून मी प्रत्येक फ्रेम स्वतंत्र पीएनजी चित्र म्हणून साठवते. वीज गेली तरी झालेल्या फ्रेम शाबूत राहतात, राहिलेल्या फ्रेमपासून पुढे चालू करता येते, आणि एखादीच फ्रेम बिघडली तर तेवढीच पुन्हा काढता येते. सर्व चित्रे तयार झाल्यावर ती जोडून व्हिडिओ करायला काही मिनिटे लागतात. आपल्याकडचा पावसाळा ध्यानात घेता यूपीएस घ्यावाच, पण त्याच्या भरवशावर थेट व्हिडिओ रेंडर करू नये.

चाचणीचे दोन्ही तुकडे हाती आले, की ते मोठ्या पडद्यावर न दाखवता साध्या मोबाइलवर दाखवावेत, कारण बहुतेक जण पट तिथेच पाहणार असतात, आणि थ्री-डीत तासन्‌तास घालवून आणलेले बारीक पोत त्या पडद्यावर कित्येकदा दिसतही नाहीत. दाखवावेत ते त्या विषयातल्या माणसाला. सतारीचे माझे दोन्ही तुकडे मी एका वयस्क कारागिरांपुढे धरले. त्यांनी माध्यमाबद्दल एक अक्षर काढले नाही. थ्री-डी तुकड्यात घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, बोट ठेवून ‘ही बोटभर खाली हवी’ एवढेच म्हणाले, आणि टू-डी तुकड्यातला हात पाहून ‘ही मींड बरोबर आहे’ असे सांगितले. त्या दोन वाक्यांवर वाद्य थ्री-डीत आणि हात टू-डीत, हे पक्के झाले. अशा माणसाने बोट ठेवलेली प्रत्येक जागा स्टोरीबोर्डवर लाल पेन्सिलीने खुणवून घ्यावी, प्रत्येक शॉटखाली ठरलेले माध्यम लिहावे आणि मगच पहिले की-ड्रॉइंग किंवा पहिले मॉडेल सुरू करावे.